शेवटची बोटभर पानं

अन्याय झाला तो सानिया शेखवर. इयत्ता नववी, राहणार येरवडा. शाळा सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, सर्वांदेखत. तिच्या हातात इंग्रजी गोष्टीचं पुस्तक होतं, आयुष्यातलं पहिलं. त्या पुस्तकाची शेवटची बोटभर जाडीची पानं दाभण घालून, गोणी शिवायच्या दोऱ्याने शिवून टाकलेली होती. सानियाने दोरा कापायची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. नाकारणाऱ्याचं नाव ओव्हाळ सर.

ओव्हाळ सर म्हणजे निवृत्त इंग्रजी शिक्षक, मुक्काम विश्रांतवाडी. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत लोकांनी दान केलेल्या इंग्रजी पुस्तकांचं एक कपाट आहे. त्या कपाटाचे हे स्वयंघोषित मालक. दर रविवारी सकाळी बसने येतात. बसची पाटी वाचण्याचेही कष्ट घेत नाहीत. स्टॉपवर जो उभा असेल त्याला विचारतात, "कोणती आली?" जणू स्टॉपवरची सगळी माणसं यांच्या पगारावर आहेत. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेला माणूस, आणि बसचा नंबर दुसऱ्याने सांगायचा.

आता हा शिवणकामाचा प्रकार नीट समजून घ्या, कारण मला स्वतःला तो तीनदा ऐकावा लागला. कपाटातलं प्रत्येक गोष्टीचं पुस्तक सर शेवटाकडून बोटभर मोजतात आणि तिथून पुढची पानं शिवून बंद करतात. बोटभर म्हणजे बोटभर. तिथे प्रकरण संपतं का, वाक्य संपतं का, याच्याशी देणंघेणं नाही. मुलाने पुस्तक घरी न्यायचं, टाक्यापर्यंत वाचायचं, रविवारी यायचं आणि सरांना गोष्ट सांगायची. गोष्ट पटली तर सर खणातून कात्री काढून देतात. मग मुलाने टाके कापायचे आणि उरलेली पानं तिथेच बसून, सरांसमोर, मोठ्याने वाचायची. घरी न्यायची नाहीत. मनात वाचायची नाहीत.

सानियाचं पुस्तक होतं एका बेटावर राहणाऱ्या नोरा नावाच्या मुलीचं. तिची बकरी जमीनदाराचा माणूस घेऊन जातो आणि ही तिच्या शोधात निघते. शेवटी एका अनोळखी घराचं दार ही ठोठावते, दार उघडतं, आणि दारात... पुढे दोरा. लेखकाने वाक्य पुरं केलं होतं. ओव्हाळ सरांनी ते मधेच शिवलं.

सानिया त्या रविवारी गेली आणि तिने गोष्ट सांगितली. सर खुर्चीत मान जराशी वाकडी करून बसले होते. ही त्यांची नेहमीची बैठक. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत म्हणून बघायचं नाही. बघायचं ते त्याच्या कानाकडे, जणू कानामागे काही मळ राहिला आहे का ते तपासताहेत. मी आयुष्यात बरेच उद्धट लोक पाहिले, त्यांतले काही निवडूनही आलेले आहेत. पण कानाकडे बघून बोलणारा हा एकच.

"मग ती नोरा ना सर, होडीतून जाते. होडीवाला एकदम खडूस असतो. तो बोलतो पैसे दे, ही बोलते नाहीयेत, मग तो बोलतो ठीक आहे, मासे साफ कर."

"बरं. पुढे?"

"पुढे ती डोंगरावर पोचते."

"होडीतून डोंगरावर?"

"हां सर."

"होडीला चाकं होती?"

पोरं हसली. सानियाने मधलं एक प्रकरण गाळलं होतं. त्यात नुसतंच गवत आणि वारा आणि दगड यांचं वर्णन होतं म्हणे. सर म्हणाले, "मधलं काहीतरी खाल्लंस. परत वाच आणि ये." झालं. कात्री खणातच राहिली.

सानिया माझ्याकडे आली ती फणफणत. "दीदी, यार, बकरीचं काय झालं ते मला आज पाहिजे होतं. आता पुढचा रविवार." मी तिला विचारलं, ही तक्रार समजू का. ती म्हणाली, "समज." ती नंतर म्हणाली की तिने नुसतं रडगाणं गायलं होतं. आमच्या युवक मंडळात रडगाणं आणि तक्रार असे वेगळे कप्पे नाहीत. वस्तीतल्या नळापासून कचरापेटीपर्यंत जे काही मिळालं आहे ते कुणाच्या तरी रडगाण्यातूनच.

मी सरांना जाऊन भेटले. आता इथे आमची भूमिका सांगते. इंग्रजी वाचता येणं हा आमच्या मुलांचा हक्क आहे. ज्यांच्या घरी इंग्रजी पेपर येतो त्यांच्या मुलांना कुणी पानं शिवून देत नाही. आमच्या मुलांच्या हातात कसंबसं एक पुस्तक येतं, तर त्याचाही शेवट कुलूपबंद. हे मी सरांना स्पष्ट शब्दांत सांगितलं.

सर माझ्या कानाला म्हणाले, "वा. पुढे?"

"पुढे काय? टाके काढा."

"कात्री खणात आहे. सानियाने गोष्ट सांगितली की देणार."

"आणि तुम्ही त्यांच्याकडून इंग्रजीत का बोलवून घेत नाही? मुलं मराठीत सांगतात, हिंदीत सांगतात, काय वाटेल त्यात सांगतात. हा इंग्रजीचा वर्ग आहे ना?"

"इंग्रजी बोलायला शिकवणारे समोरच्याच गल्लीत तीन क्लास आहेत, मंडळवाल्या बाई. इथे वाचतात."

"शब्द अडला तर डिक्शनरीसुद्धा बघू देत नाही म्हणे."

"अडलेल्या शब्दावर पाय देऊन पुढे जायचं. चिखलात उभं राहून चिखलाचा अर्थ शोधत बसलं की रुतायला होतं."

"याला काय शास्त्रीय आधार आहे?"

"नाही. पायाला चिखल लागल्याचा अनुभव आहे."

या माणसाशी चर्चा होत नाही. चर्चेला दोन माणसं लागतात. इथे एक माणूस आणि एक 'पुढे'.

मी पत्रक काढलं. 'पुस्तकांचे टाके काढा' हे शीर्षक. सानियाचं नाव, वार, वेळ, सगळं घातलं, कारण मोघम पत्रकाला कुणी भीक घालत नाही. पहिली प्रत नियमाप्रमाणे ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांना स्वतः नेऊन दिली. सरांनी ती हातात घेतली, बोटांनी कागद चाचपला, म्हणाले, "कागद बरा वापरलाय." आणि चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात टाकली. एक ओळ वाचली नाही. दुसऱ्याने रात्र घालवून लिहिलेल्या मजकुरावर नजर टाकायचं सौजन्यही नाही. पंचांग बघावं तसं तरी बघायचं.

समाजमंदिराच्या कमिटीने मात्र पत्रक वाचलं. पत्रकात कमिटीचंही नाव होतं, त्यामुळे अगदी लक्षपूर्वक वाचलं. ठराव झाला: सर्व पुस्तकं मोकळी करावीत, मुलांनी ती घरी न्यावीत, गोष्ट सांगण्याची सक्ती नको. सरांना विचारलं, तुमचं काही म्हणणं? सर म्हणाले, "कात्री खणात आहे."

आम्ही कार्यक्रम केला. मंडळाची पोरं कात्र्या घेऊन बसली, दोऱ्यांचा ढीग झाला. कमिटीने एवढ्यावर न थांबता वाघोलीहून एका प्रेरणादायी वक्त्याला बोलावलं. हा गृहस्थ कानाला माइक लावून आला आणि पाऊण तास त्याने मुलांना खुर्चीवरून उठवलं आणि बसवलं. "रीडिंग इज अ सुपरपॉवर," तो म्हणाला. "जोरात बोला, आय लव्ह रीडिंग." पोरं जोरात बोलली. पोरांना जोरात बोलायला काहीही चालतं. मग त्याने प्रत्येकाला एकेक पुस्तक छातीशी धरायला लावलं, फोटो काढले आणि गाडीत बसून गेला. त्याच्या स्वतःच्या हातात पुस्तक मी पाहिलं नाही. पाण्याची बाटली पाहिली.

त्यानंतर काय झालं तेही लिहिते. आमच्यावर कुणी अर्धंच सांगितल्याचा आरोप करू नये.

पुस्तकं गेली आणि पुस्तकं आली. रविवारची वाट न बघता मुलं कधीही येत, खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक ठेवत आणि जात. निम्म्यांनी मोबाइलवर गोष्टीचा सारांश शोधून काढला. काहींनी छातीशी धरून नवे फोटो काढले आणि पुस्तक होतं तसं परत ठेवलं. मी एकाला विचारलं, काय होतं रे त्यात? म्हणाला, "ताई, मस्त होतं. फ्रेंडशिपचा मेसेज होता." ते पुस्तक एका विहिरीत पडलेल्या रेल्वेच्या नोकराबद्दल होतं, आणि त्यात तो शेवटपर्यंत एकटाच असतो. मी चाळलं होतं.

आणि ओव्हाळ सर? ते दर रविवारी येत राहिले. कमिटीने येऊ नका असं म्हटलं नव्हतं, एवढंच निमित्त. खोलीत बसायचे, साडेअकरा झाले की उठायचे. हट्टी माणूस. ज्याला आपली हार कळत नाही त्याच्याशी लढण्यात मजा नसते.

अशाच एका शनिवारी सानिया माझ्या घरी आली. काखेत नोराचं पुस्तक.

"वाचलं?" मी विचारलं.

"कधीच. त्या दिवशी टाके काढले ना, त्याच संध्याकाळी. ते गवताचं पण वाचलं."

"मग? आता तर खूश?"

"खाक खूश." ती माझ्या पलंगावर बसली. "दीदी, असा शेवट कोण करतं? मी अम्मीला सांगायला गेले, अम्मी बोलली आधी भांडी घास. भाईला सांगितलं, तो बोलला, बकरी? त्याला फक्त बिर्याणी समजते. वर्गात सांगितलं तर सगळे बोलले फोटो टाक. मी सांगू कुणाला?"

"सरांना जाऊन सांग. बसलेले असतात."

"कशी जाऊ? पत्रकात माझं नाव घातलंस तू. सानिया शेखवर अन्याय. मी काय तोंड घेऊन जाऊ त्यांच्यासमोर?" मग म्हणाली, "तू टाके काढलेस ना. तूच चल."

गेले. कार्यकर्तीला नाही म्हणता येत नाही, आणि सानियाला तर अजिबात नाही.

रविवारी दहाला आम्ही दोघी खोलीच्या दारात. सर एक पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. वाचत नव्हते. टाके काढल्यावर पानांच्या कडेला जी भोकं राहिली होती त्यांवरून अंगठा फिरवत होते, पुढून मागे, मागून पुढे.

"कोण?" त्यांनी विचारलं. आम्ही त्यांच्यापासून चार हातांवर उभ्या होतो, दारातून ऊन येत होतं.

"सर, मी सानिया. आणि दीदी आहे."

"पत्रकवाल्या?"

"हां सर."

"बसा. सानिया, गवत वाचलंस?"

"वाचलं सर. बोटीतून उतरल्यावर ती दोन दिवस चालते, पाय फाटतात तिचे. आणि सर, लिहिणाऱ्याने बकरी पाळलेली नाही. ती बकरी रात्रभर पावसात गप उभी राहते असं लिहिलंय. बकरी पावसात गप राहते का कधी? आख्खी गल्ली उठवते."

सर हसले. हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. "बरं. पुढे?"

"पुढे दार उघडतं सर, आणि दारात"

"थांब. सांगू नकोस." सरांनी हात वर केला. "वाच."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, तिने वाचलंय सगळं. आता पुन्हा मोठ्याने कशाला? इतकी उत्सुकता आहे तर पुस्तक घ्या आणि वाचून टाका, दहा मिनिटांचं काम."

सानियाने मला कोपर मारलं. चांगलं जोरात.

"काय?" मी म्हटलं.

"दीदी, गप ना."

"का गप?"

सरच म्हणाले, "सांग तिला. एवढी मोठी कार्यकर्ती आहे, तिला माहीत नाही म्हणजे कमाल आहे."

सानिया जमिनीकडे बघत म्हणाली, "सरांना दिसत नाही, दीदी. म्हणजे वाचता येत नाही. आम्हाला सगळ्यांना माहितीये. दाभणात दोरा कोण ओवून देतं मग? मीच देते."

सरांनी मान वाकडी केली आणि माझ्या कानाकडे बघितलं. "मधलं गेलंय," ते म्हणाले, "कडा शिल्लक आहेत. समोर बघितलं की तुमच्या चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. कानाकडे बघितलं की चेहरा कडेला येतो, मग थोडा दिसतो. चालता येतं, चहा करता येतो. अक्षर लागत नाही. ही सगळी पुस्तकं नंतर आलेली, माझी न वाचलेली. घरी टीव्ही आहे, पण तो आपलंच बोलतो. तुम्ही 'पुढे?' म्हणा नाहीतर झोपा."

आता वाचकाला वाटेल मी इथे विरघळले. मुळीच नाही. मला संताप आला. माणसाने सांगावं की नाही? कमिटीसमोर एक वाक्य बोलला असता तर ठराव झाला नसता. पण नाही. जुलमी म्हणवून घेईन, लहरी म्हणवून घेईन, वस्तीभर पत्रकं वाटली गेली तरी चालतील, पण मला दिसत नाही हे तीन शब्द तोंडातून काढणार नाही. हे मी त्यांना तिथेच ऐकवलं.

"आणि मग काय झालं असतं?" सर म्हणाले. "म्हाताऱ्याची दया करायला पोरं आली असती. दयेने दोन रविवार येतात. बकरीचं काय झालं ते बघायला पाय फाटेपर्यंत येतात."

"तरी पुस्तक शिवणं चूकच आहे."

"चूक आहे," सर म्हणाले. "सानिया, वाच."

सानियाने वाचलं. अडखळत, बोट ओळीखाली धरून, एका शब्दावर दोनदा आपटून तिसऱ्यांदा त्यावर पाय देऊन. दार उघडतं, दारात एक लहान मूल उभं असतं, आणि मागे अंगणात नोराची बकरी असते. तिला दोन करडं झालेली असतात आणि ते मूलही तिच्याच दुधावर वाढत असतं. नोरा अंगणात जाते, बकरीच्या कपाळाला कपाळ लावते आणि खुंट्याचा दोर न सोडता परत फिरते.

"म्हणजे आणली नाही?" सरांनी विचारलं.

"नाही सर. सोडून आली."

या वेळी सरांनी 'पुढे?' विचारलं नाही. पुढे काही नव्हतंच, पुस्तक संपलं होतं. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "लिहिणाऱ्याने बकरी पाळली नसेल. पण सोडली असेल."

आम्ही उठलो. तेवढ्यात सरांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला. घड्यांवर चिरला होता.

"हे राहिलंय," ते म्हणाले. "तुमचं पत्रक. पोरांना वाचून दाखवा म्हटलं तर एकही तयार नाही. लाजतात. तुम्ही आलाच आहात तर वाचा."

मी म्हटलं, राहू दे सर.

"का? रात्र घालवली असेल त्यावर. वाचा. मोठ्याने."

मी वाचलं. "एका निवृत्त शिक्षकाच्या लहरीखाली वस्तीतली उगवती पिढी भरडली जात आहे."

"भरडायला निदान पोतंभर तरी लागतात हो. इथे सहा पोरं येतात. पुढे?"

"ज्ञानाच्या दारावर दोऱ्याचं कुलूप लावणाऱ्या या हुकूमशाही वृत्तीचा"

"दोऱ्याचं कुलूप चांगलं आहे. पुढे?"

सानिया ओढणी तोंडात कोंबून हसत होती. मी शेवटपर्यंत वाचलं. शेवट आमच्या सगळ्या पत्रकांचा असतो तोच होता: जाहीर निषेध असो.

सर म्हणाले, "सुरुवात जोरदार. मधे गवत फार आहे, पण चालेल. शेवट मात्र पडला. निषेध असो म्हणजे काय? वाचणाऱ्याने करायचं काय? निषेध करून घरी जाऊन जेवायचं? मागणी कुणाकडे आहे ते नाव घेऊन सांगावं, म्हणजे तो माणूस चुळबुळ करतो."

मी माफी मागितली नाही. पुस्तक शिवण्याला माझा विरोध आजही आहे, आणि टाके पुन्हा घालायला मी तयार नाही. पण सूचना योग्य असेल तर ती विरोधकाकडूनही घ्यावी असं आमच्या मंडळाचं धोरण आहे. म्हणून इथे निषेध नाही. मागणी आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. हो, तुमच्याकडेच. इथपर्यंत वाचलंत, म्हणजे तुमच्या डोळ्यांचं मधलं शाबूत आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता येरवड्याला, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत या. इंग्रजी गोष्टीचं एक पुस्तक आणा, ज्याचा शेवट तुम्ही स्वतः अजून वाचलेला नाही असं. तुमच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचं कुणी असेल आणि ते पुस्तकाकडे ढुंकून बघत नसेल, तर त्यालाही आणा. त्याला भाषण देऊ नका, नुसतं सरांसमोर बसवा. सर तुमच्या कानाकडे बघतील, बघू द्या. मोठ्याने वाचायला लागा. उच्चार चुकला तर चुकू दे, शब्द अडला तर त्यावर पाय द्या. आणि दमून थांबलात की समोरून एक शब्द येईल, 'पुढे?'

तेव्हा पान उलटा.